कोळंबीची पिले आणि पाण्याची ऊब



माणूस उन्हातून सावलीत गेला, तरी त्याच्या अंगातली उष्णता जवळजवळ तेवढीच राहते. कोळंबीचे तसे नाही. पाण्याची जी ऊब, तीच तिच्या अंगाची ऊब. म्हणून तळ्यात गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी सोडायची असेल, तर आधी पाण्याचे तापमान पाहा.

ही कोळंबी वाढते गोड्या पाण्यात, पण तिची नवजात पिले जगतात मचूळ पाण्यात. शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञांनी १९६१ साली मलायात पेनांग येथे हे दाखवून दिले आणि कोळंबीचे बीज तयार करण्याची वाट मोकळी झाली. पिलांना २८ ते ३१ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. तेवढी मिळाली की अकरा अवस्था ओलांडून सुमारे महिन्याभरात त्यांना कोळंबीचे रूप येते. पाणी निवले की त्यांचे खाणे मंदावते, कात टाकणे लांबते, आणि कात टाकल्याशिवाय कोळंबी वाढत नाही.

मग ऊन जितके जास्त तितके बरे का? तसेही नाही. ३० अंशांच्या पाण्यात २० अंशांच्या पाण्यापेक्षा प्राणवायू कमी मावतो आणि पिलांना तर तो जास्त लागतो. ३५ अंशांपुढे धोका आहे. म्हणून तळे फार उथळ नसावे.

शेतकरी बंधूंनो, बीज विकत आणले की पिशवी एकदम रिकामी करू नका. ती तोंड न सोडता पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगू द्या. मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घेऊन पिले हलकेच सोडा. वेळ सकाळची किंवा सांजेची धरा. घाईने मेलेली पिले तळाशीच राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत. पैसे बुडाले हे कळते ते जाळे ओढताना! घाटावरच्या तळ्यात बीज पावसाळ्याच्या तोंडाला सोडावे, म्हणजे थंडीपूर्वी वाढीला चार-पाच महिने मिळतात.

गुरुजींना एक विनंती. शाळेतला तापमापक मुलांच्या हाती द्या. पहाटे आणि दुपारी तीनला, तळाजवळच्या पाण्याचे तापमान वहीत लिहू द्या. कारण कोळंबी तळाशी राहते. वर्षभराची ती वही गावातल्या तळेवाल्याला मोठी उपयोगी पडेल.