हळकुंडातलं पॉलिमर

वसमत-कळमनुरीच्या शिवारात हळद शिजली की नाही, हे काडी टोचून पाहतात. तिथे पॉलिमरचीच परीक्षा चाललेली असते. हळदीतलं पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य कड्यांची साखळी, म्हणजेच पॉलिमर. उष्णतेने त्याचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची खळ होते. म्हणून हळकुंड वाळल्यावर टणक होतं आणि रंग आतपर्यंत सारखा पसरतो.

लांब साखळ्या पाणी किती धरतात, कधी फुगतात, कधी आक्रसतात, या प्रश्नांमागे रासायनिक अभियंते डॉ. रघुनाथ माशेलकर वर्षानुवर्षं लागले. १९४३ साली गोव्यातल्या माशेलला जन्म, वडील लवकर गेले, आईबरोबर मुंबईतली गरिबी, टाटांच्या ट्रस्टची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती. हे तुम्ही ऐकलेलं आहे. मला त्यांच्या कामाविषयी बोलायचं आहे, कारण सत्कारांच्या भाषणांत नेमकं तेच मागे पडतं.

माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञान विभागात प्रा. मनमोहन शर्मांच्या हाताखाली १९६९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. तेव्हाचा विषय बुडबुड्यांचा होता: वायू द्रवातून वर चढताना त्यात किती विरघळतो? पॉलिमरकडे ते इंग्लंडमध्ये सॅल्फर्डला असताना वळले. १९७६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले आणि तिथे पाणी शोषणाऱ्या जेलवर काम उभं राहिलं. असं जेल शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरतं. मुळांशी घातलं, तर पावसाच्या खंडात रोपाला ओल मिळू शकते. पण पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असले, की तेच जेल फार कमी फुगतं. साखळ्यांवरचे ऋणभार एकमेकांना दूर ढकलतात म्हणून ते फुगत असतं. क्षार ते भार झाकून टाकतात. आपल्याकडच्या बोअरचं मचूळ पाणी आठवा! प्रयोगशाळेतला आकडा शेतात का टिकत नाही, हे शोधणं हेच रासायनिक अभियंत्याचं खरं काम, असं मी मानतो.

१९९५ मध्ये ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक झाले. त्याच वर्षी जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. आपल्या आज्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, पण पेटंट कार्यालयाला लेखी पुरावा लागतो. सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि लेख धरून ३२ संदर्भ मांडले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिच्यातलं कर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे शरीराला त्यातलं फार थोडं लागू पडतं. त्याला वाहून नेणारं पॉलिमर शोधायचं काम आपल्या जिल्ह्यातल्या मुलामुलींनी का करू नये? यूडीसीटी आज आयसीटी या नावाने चालते आणि २०१८ पासून तिचं एक आवार जालन्यातही आहे. बारावीच्या विद्यार्थ्यांनी प्रवेशाचे पर्याय भरताना ‘संगणक’ लिहिण्याआधी तेही नाव पाहावं. ज्यांना विचारायचं असेल, त्यांच्यासाठी व्याख्यानानंतर मी इथेच थांबणार आहे.