शेजारचा करार आणि आपली मिरी



गेल्या हंगामात आमच्या प्रभागाच्या बैठकीत मिरीवरून वाद झाला. आमच्या एका बचत गटातल्या बायका माड-पोफळीवर मिरवेली चढवतात. दुसरा गट मसाला करतो. मसालेवाल्या म्हणाल्या, "बाजारात स्वस्त मिरी मिळते, मग तुमची महाग का घ्यायची?" वेलीवाल्या म्हणाल्या, "घरची सोडून बाहेरची घेणार?" दोघींचंही खरं होतं. म्हणून ही स्वस्त मिरी कुठून येते, ते आम्ही समजून घ्यायला बसलो.

परदेशातून येणाऱ्या मिरीवर आपलं सरकार साधारण ७० टक्के आयात कर लावतं. म्हणजे १०० रुपयांची मिरी इथे १७० रुपयांना पडते. पण श्रीलंकेशी आपला मुक्त व्यापार करार आहे. १९९८ साली सह्या झाल्या आणि २००० सालापासून तो लागू झाला. त्यात वर्षाला २,५०० टन मिरी बिनकराची येऊ शकते. त्यापुढची मिरी दक्षिण आशियाई देशांच्या 'साफ्टा' करारानुसार ८ टक्के कर भरून येते. १०० ची मिरी १०८ ला!

करामुळे दोन बाजारांमध्ये कुंपण असतं. करार झाला की ते कुंपण खाली येतं आणि बाजार एकमेकांत मिसळू लागतात. तिकडच्या शेतकऱ्याला मोठं गिऱ्हाईक मिळतं, इकडच्या मसालेवालीला स्वस्त माल मिळतो आणि इकडच्या वेलीवालीचा भाव तिकडच्या पिकावर हलू लागतो. फायदा-तोटा एकाच गावात, कधी एकाच घरात येतो.

यात एक अट असते. सवलत फक्त श्रीलंकेत पिकलेल्या मिरीला, आणि तसा मूळ देशाचा दाखला लागतो. पण व्हिएतनामची मिरी श्रीलंकेमार्गे सवलतीत येते, अशी तक्रार केरळ-कर्नाटकच्या मिरी उत्पादकांनी केली. शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने आयात मिरीला किलोला किमान ५०० रुपयांची अट घातली. वेलीवालीला आधार मिळाला, पण मसालेवालीचा स्वस्त माल आटला.

हे कळल्यावर आमच्या बैठकीतला आवाज खाली आला. ठरलं असं: मसालेवाल्यांनी किती मिरी लागेल ते हंगामाआधी सांगायचं. वेलीवाल्यांनी ती नीट वाळवून, पाखडून द्यायची. भाव त्या आठवड्याच्या बाजाराचा. आणि पाकिटावर गावाचं नाव. पाकीट थोडं महाग झालं. काही गिऱ्हाइकं तुटली, काही गावाचं नाव वाचून आली.

एकीने विचारलं, "आपली मिरी कमी पडली तर दुकानातली मिसळली तर चालेल?" आम्ही म्हटलं, मिसळा, पण मग पाकिटावर गावाचं नाव घालू नका. नाहीतर व्हिएतनामची मिरी श्रीलंकेची म्हणून विकणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

तेव्हा मैत्रिणींनो, बातम्यांत एखादा व्यापार करार ऐकलात तर रेडिओ बंद करू नका. दोन प्रश्न विचारा. आपण पिकवतो किंवा विकत घेतो, त्यातल्या कोणत्या मालाचा कर उतरला? आणि येणारा माल खरंच त्या देशाचा आहे, हे कोण तपासणार?