परक्या शहरांतील पहिला मित्र

उच्च शिक्षणासाठीं मूल परगांवीं निघालें, कीं आपण त्यास पैशांविषयीं बजावतों, प्रकृतीविषयीं बजावतों. परंतु परक्या शहरांत मित्र कसा जोडावा, हें कांहीं सांगत नाहीं. मी मॅट्रिक झाल्यावर पुढें शिकावयास एका शहरीं गेलों होतों. पंधरा दिवसांत कोणी माझ्याशीं आपलेपणानें बोललें नाहीं, आणि मींही होऊन कोणास हांक मारली नाहीं. वळकटी बांधून मी परत आलों. माझें कॉलेज तेथेंच संपलें.

म्हणून गेल्या वर्षीं माझा पुतण्या एम. ए. करण्यासाठीं माणदेशांतून मुंबई विद्यापीठांत गेला आणि दोन महिन्यांतच "काका, मी परत येतों," असें म्हणूं लागला, तेव्हां माझ्या पोटांत धस्स झालें. मीं त्यास इतकेंच सांगितलें, "दर रविवारीं शहरांत पायीं हिंड, आणि एका तरी माणसास कांहीं विचार."

पहिल्या रविवारीं दुपारीं बाराच्या सुमारास तो हाजी अलीचा दर्गा पाहावयास गेला. दर्गा समुद्रांत आहे. ओहोटी असल्यामुळें तो कोरड्या पायांनीं जाऊन आला. समुद्र मनांत भरला, म्हणून पुढील रविवारीं त्याच वेळीं पुन्हां गेला, तों वाट पाण्याखालीं! जवळच उभ्या असलेल्या एका तरुणास त्यानें धीर करून कारण विचारलें. तो वरळी कोळीवाड्यांतला, त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी निघाला. तो म्हणाला, "भरती रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां येते. सात दिवसांत जवळजवळ सहा तासांचा फरक पडतो. म्हणून गेल्या रविवारीं ज्या वेळीं ओहोटी होती, त्याच वेळीं आज भरती आहे."

पाणी ओसरेपर्यंत दोघे बोलत बसले. माणदेशच्या मुलास भरती ठाऊक नव्हती, कोळ्याच्या मुलास दुष्काळ ठाऊक नव्हता. बोलावयास विषय कमी पडला नाहीं. त्या रात्रीं माझा पुतण्या कोळीवाड्यांत जेवला. उन्हाळ्याच्या सुटींत तो मित्र आमच्या घरीं आला, आणि कोरड्या विहिरींत वांकून बराच वेळ पाहत राहिला. परत येण्याची भाषा पुतण्यानें पुन्हां काढली नाहीं.

श्रोतेहो, आपलें मूल परगांवीं निघालें, तर शिदोरीबरोबर त्यास एवढें सांगा, कीं अडलें तर विचारावें. आणि आपल्या शेजारीं असा कोणी नवखा विद्यार्थी राहावयास आला असेल, तर त्यास येत्या रविवारीं जेवावयास बोलवा. कदाचित् त्यानें वळकटी बांधावयास घेतली असेल.