नव्या मूत्रपिंडाची पहिली खबर

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर घरच्यांचे डोळे एकाच गोष्टीकडे लागलेले असतात: लघवी सुरू झाली का? कधी ती सुरू होते, कधी नवं मूत्रपिंड काही दिवस गप्प राहतं. पहिल्या आठवड्यात पुन्हा डायलिसिस करावं लागलं, तर कार्य उशिरा सुरू झालं असं डॉक्टर म्हणतात. मृत दात्याच्या मूत्रपिंडात हे अधिक आढळतं, कारण ते कित्येक तास बर्फात, रक्तपुरवठ्याविना राहिलेलं असतं.

अडचण अशी, की आपल्या ओळखीचं, रक्तात मोजलं जाणारं क्रिएटिनिन उशिरा बोलतं. इजा आज झाली तरी त्याचा आकडा वाढायला किंवा न उतरल्याचं कळायला एक-दोन दिवस जातात. म्हणून संशोधक इजा झालेल्या पेशींनीच सोडलेली प्रथिनं शोधू लागले. त्यांतलं महत्त्वाचं म्हणजे एनगॅल. अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथल्या डॉ. प्रसाद देवराजन यांच्या गटाने 2005 मध्ये दाखवलं, की हृदयशस्त्रक्रियेनंतर ज्या मुलांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, त्यांच्या लघवीत ते दोनच तासांत वाढलं होतं. पुढच्याच वर्षी प्रत्यारोपणाच्या रुग्णांतही, पहिल्याच दिवशीच्या लघवीतलं एनगॅल आणि इंटरल्युकिन-18 हे दुसरं प्रथिन, कार्य उशिरा सुरू होईल का हे ओळखायला उपयोगी ठरली. क्रिएटिनिनच्या आधी मिळालेला केवढा मोलाचा अवधी हा!

पण एनगॅल जंतुसंसर्गातही वाढतं. त्यामुळे एकट्या आकड्यावर निर्णय होत नाही. लघवीचं प्रमाण, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी लागतेच. तेव्हा अहवालातला एखादा आकडा पाहून घाबरू नका, डॉक्टरांना विचारा, आणि औषधाची एकही गोळी स्वतःहून बंद करू नका.