लोह्याहून एक दिवस नांदेडला

लोह्याहून एसटीने तासाभरात नांदेड गाठता येतं. खरेदी-दवाखान्यापलीकडे, निवांत शहर बघायला एकदा जरूर जा.

सुरुवात सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वारापासून करा. शिखांचे गुरू गोविंदसिंगजी 1708 मध्ये इथंच ज्योतीज्योत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधून घेतली. चपला जोडाघरात ठेवा, पाय धुवा, डोक्यावर रुमाल बांधा.

भूक लागली की लंगरमध्ये, म्हणजे गुरुद्वाराच्या सामूहिक भोजनात, पंगतीला बसा. ताटात डाळ-भाजी पडते. रोटी मात्र दोन्ही हात पुढं करून घ्यायची, कारण ती प्रसाद आहे. इथं कुणी जात विचारत नाही, पैसेही मागत नाही. लागेल तेवढंच घ्या, पानात टाकू नका. जमलं तर भांडी घासायला हात लावा; मुलांना तर हे आवर्जून करू द्या.

दुपारी गोदावरीकाठचा नंदगिरी किल्ला बघा.

हाताशी आणखी एक दिवस असेल, तर लोह्याजवळचा कंधारचा किल्ला चुकवू नका. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं हे ठिकाण, भोवती रुंद खंदक. तिथं हॉटेलावर विसंबू नका. भाकरी-ठेचा आणि पाण्याची बाटली घरूनच घ्या.