काट्यापुढचा माणूस

श्रम म्हटले की घाम आणि बुद्धीचे काम म्हटले की टेबल-खुर्ची, ही विभागणी समाजाच्या मनात खोल रुजलेली आहे. रोहा तालुक्यातील धाटावच्या औद्योगिक वसाहतीत मात्र ती टिकत नाही.

पूर्वी या भागात बुद्धीच्या कामासाठी गाव सोडावे लागे. बालपण रोह्यात गेलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, ते मुंबई आणि केंब्रिजची वाट धरूनच. मागे उरलेल्यांच्या वाट्याला भातशेती होती. (उधाण खारबांधाला कधी भिडेल, हे तिथीवरून ताडणारा शेतकरीही बुद्धीच वापरीत होता, तसे कोणी म्हटले नाही, एवढेच.)

राज्यात औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पुढे धाटावला वसाहत उभी राहिली, ती मुख्यतः रासायनिक कारखान्यांची. अशा कारखान्यात पिंपे हलविणारे हात लागतातच. परंतु खरी प्रक्रिया बंद पात्रात चालते, डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते केवळ तापमानाचे आणि दाबाचे आकडे.

अनेक प्रक्रियांत उष्णता बाहेर पडते. तापमान दहा अंशांनी वाढले की प्रक्रियेचा वेग साधारणतः दुप्पट होतो. वेगाने उष्णता वाढते आणि उष्णतेने पुन्हा वेग. थंडावा देणाऱ्या पाण्याची शक्ती त्या पटीने वाढत नाही. म्हणून रात्रपाळीच्या कामगाराने काटा कोठे आहे एवढेच पाहून भागत नाही; तो तेथे किती मिनिटांत पोहोचला, हेही पाहावे लागते. धोक्याची घंटा यंत्र वाजवील. ती खरी, की उपकरणच बिघडले, याचा निवाडा माणसाकडे राहतो.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये टाकीवरील दाब सुमारे चाळीस मिनिटांत दोन पौंडांवरून दहावर गेला. मधल्या काळात पाळी बदलली होती. दहा हा आकडा नेहमीच्या मर्यादेतला, म्हणून तो कोणाला खटकला नाही. दोष एकट्या कामगारावर टाकणे अन्यायाचे होईल. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा तेथे काही महिने आधीच बंद करण्यात आली होती.

त्यानंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या जनतेलाही देण्याचे बंधन कारखान्यावर आले. म्हणजे बौद्धिक श्रमाचा एक वाटा पंचायतीच्या कचेरीतही आला. तो कागद फाईलला लावून ठेवणे सोपे आहे. त्यातील रसायन पाण्याशी गाठ पडल्यावर काय करते, वारा वस्तीकडे असेल तर लोकांनी कोणत्या दिशेने जावे, हे विचारून घेणे हे खरे काम. आणि उत्तर मराठीत मागण्यात संकोच कसला?

शिक्षकांचा वाटा याहून जुना आहे. आलेख हा शाळेतील गणिताचा भाग, बहुधा गुणांपुरता शिकविला जाणारा. फळ्यावर असे आकडे लिहून पाहावेत: नऊ वाजता चाळीस अंश, नऊ वीसला बेचाळीस, नऊ तीसला सेहेचाळीस, नऊ पस्तीसला चोपन्न. मग मुलांना विचारावे, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह केव्हा उघडायला हवा होता?