तान्ह्या बाळाच्या मानेवरील गाठ



बाळाच्या मानेवर मऊ फुगवटा दिसला, की घरातली वडीलधारी म्हणतात, “तेल चोळा, जिरेल.” कृपा करून चोळू नका; टोचू तर मुळीच नका. बाजूची मऊ गाठ पुष्कळदा लसीकेच्या पाण्याने भरलेली असते. अंधारात विजेरी लावली तर ती उजळते. भरीव गाठ उजळत नाही.  खरा उलगडा सोनोग्राफीने होतो. शस्त्रक्रियेत चेहऱ्याच्या व आवाजाच्या नसा जपायच्या असतात, म्हणून सर्जन कधी थोडी गाठ मुद्दामच ठेवतात. काहींची गाठ सुईने औषध देऊनही आकसते. बाळ दूध पिताना घुसमटले, श्वासाला आवाज येऊ लागला, तर रात्रीच मेडिकल गाठा. बारसे मागाहून होईल.